आयबी, रॉ आणि फोन टॅपिंग: गुप्तचर संस्थांवर देखरेख नेमकी कोण करतं?

पैलतीर

सरकार कुठल्याही पक्षाचं असो, विरोधी बाकांवरचे लोक म्हणतात की आमचे फोन ऐकले जातात, आमच्या मागे आयबी लावली आहे. सत्ता पालटली की आरोप करणारे आणि आरोप झेलणारे जागा बदलतात. १९८८ मध्ये रामकृष्ण हेगडे यांनी फोन टॅपिंगच्या वादात कर्नाटकचं मुख्यमंत्रिपद सोडलं. मार्च १९९१ मध्ये राजीव गांधींच्या घराबाहेर हरियाणा पोलिसांचे दोन शिपाई पाळत ठेवताना सापडले आणि त्या वादात चंद्रशेखर सरकार गेलं. पेगॅससचा, म्हणजे फोनमध्ये गुपचूप घुसणाऱ्या स्पायवेअरचा, विषय तर ताजाच आहे.

कोणता पक्ष जास्त वाईट, हे इथे कृपया नको. त्यावर दुसरीकडे पुष्कळ लिहिलं जातं. मला यंत्रणा समजून घ्यायची आहे:

आयबी आणि रॉ कोणत्या कायद्याखाली चालतात? फोन ऐकण्याची परवानगी कोण देतं आणि ती तपासतं कोण? राजकीय वापर होतो तेव्हा तो कागदावर नेमका कुठून शिरतो? आणि संसदेला किंवा विधिमंडळाला यात काही विचारता येतं का?

ज्यांना नियमांची माहिती आहे त्यांनी तपशिलात लिहिलं तर बरं होईल.

---

टिपणकार

पहिल्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे आणि बहुतेकांना धक्का देणारं आहे. आयबी १८८७ पासून आहे, रॉ २१ सप्टेंबर १९६८ पासून. दोन्ही संस्था स्थापन करणारा, त्यांचे अधिकार आणि मर्यादा सांगणारा संसदेचा कायदा आजही नाही. घटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्रीय सूचीतली आठवी नोंद 'केंद्रीय गुप्तवार्ता आणि अन्वेषण विभाग' अशी आहे. त्यामुळे संसदेला कायदा करण्याचा अधिकार निश्चित आहे, तो वापरलेला नाही. १९८५ चा एक कायदा आहे, पण तो या संस्थांच्या कर्मचाऱ्यांवर बंधनं घालतो: संघटना करू नका, वृत्तपत्रांशी बोलू नका. संस्थेनं नागरिकांच्या बाबतीत काय करू नये, याबद्दल त्यात काही नाही.

चर्चेत नेहमी गल्लत होते म्हणून थोडी फोड करतो. आयबी देशांतर्गत गुप्तवार्तेसाठी, गृहमंत्रालयाखाली. तिला अटक करण्याचा किंवा गुन्हा नोंदवण्याचा अधिकार नाही. रॉ परदेशी गुप्तवार्तेसाठी, मंत्रिमंडळ सचिवालयात, थेट पंतप्रधानांच्या अखत्यारीत. एनटीआरओ तांत्रिक गुप्तवार्तेसाठी. कारगिलनंतरच्या फेररचनेतून २००४ मध्ये ती उभी राहिली. तिन्ही सैन्यदलांची गुप्तवार्ता संस्था डीआयए २००२ ची. सीबीआय, एनआयए आणि ईडी या तपास यंत्रणा आहेत. त्यांना शेवटी न्यायालयात आरोपपत्र मांडावं लागतं आणि तिथे बचाव पक्षाचा वकील प्रत्येक कागद उलटतो. आयबीचं टिपण न्यायालयात जातच नाही. म्हणून ईडीच्या गैरवापराची चर्चा आणि आयबीच्या गैरवापराची चर्चा वेगवेगळी करावी लागते. पहिलीत निदान निकालपत्रं हाती असतात.

राज्यांची वेगळी यंत्रणा असते. आपल्याकडे राज्य गुप्तवार्ता विभाग, म्हणजे एसआयडी, शिवाय मुंबईत विशेष शाखा आणि जिल्ह्यांत जिल्हा विशेष शाखा. मोर्चा किती मोठा, कोणत्या गटात फूट, कुठे दंगल पेटू शकते, हे रोजचं वार्तांकन त्यांचं काम आहे. राजकारण इथूनच आत येतं, कारण 'सभेत गडबड होईल का' आणि 'सभेला गर्दी किती जमेल, कोण कोणावर नाराज आहे' हे दोन्ही प्रश्न त्याच हवालदाराला, त्याच चहाच्या टपरीवर विचारता येतात. पहिला कायदा-सुव्यवस्थेचा आहे, दुसरा सत्ताधारी पक्षाच्या सोयीचा. या दोहोंत रेघ मारणारा शब्द आपल्या कुठल्याही कायद्यात नाही.

ब्रिटनमध्ये तो आहे. एमआय-५ या देशांतर्गत गुप्तचर संस्थेसाठी १९८९ मध्ये कायदा झाला, त्याच्या दुसऱ्या कलमात महासंचालकावर थेट जबाबदारी टाकली आहे: संस्था कोणत्याही राजकीय पक्षाचं हित साधणारी कृती करणार नाही याची खात्री त्यानं करायची. १९९४ च्या कायद्यानं हेच एमआय-६ (परदेशी गुप्तवार्ता) आणि जीसीएचक्यू (संदेश टिपणारी संस्था) यांना लागू केलं. अशा एका वाक्याचा उपयोग अधिकाऱ्याला होतो. वरून चुकीचं काम आलं तर 'साहेब, कलम आड येतं' असं लेखी म्हणता येतं. आपल्याकडच्या अधिकाऱ्याला आडोसा घ्यायला असं वाक्यच नाही.

आणीबाणीनंतर शहा आयोगानं आणि १९७७ च्या एल. पी. सिंग समितीनं आयबीच्या गैरवापराकडे पाहिलं होतं. पण संस्थेला कायद्याची चौकट त्यानंतरही मिळाली नाही. २०११ मध्ये मनीष तिवारी यांनी लोकसभेत खासगी विधेयक आणलं. त्यात राज्यसभेच्या सभापतींच्या अध्यक्षतेखाली देखरेख समिती, तक्रारींसाठी न्यायाधिकरण आणि लोकपालासारखा अधिकारी अशी पूर्ण रचना होती. ते व्यपगत झालं, म्हणजे मंजूर न होताच संपलं. त्याआधी जानेवारी २०१० मध्ये उपराष्ट्रपती हमीद अन्सारी यांनी रॉच्या संस्थापकांच्या स्मृतिव्याख्यानात, म्हणजे त्याच खात्याच्या माणसांसमोर, संसदीय समितीची मागणी केली होती. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या संस्थांना संसदेला उत्तरदायी करण्याची मागणी करणारी याचिका फेटाळली. म्हणजे चेंडू संसदेकडेच आहे.

---

कलमवीस

फोन ऐकण्याच्या परवानगीबद्दल लिहितो, कारण तुमच्या 'कागदावर कुठून शिरतो' या प्रश्नाचं उत्तर त्या परवानगीच्या नस्तीत, म्हणजे फाइलमध्ये आहे.

मूळ अधिकार १८८५ च्या तार अधिनियमाच्या कलम ५(२) चा. आता त्याच्या जागी दूरसंचार अधिनियम २०२३ चं कलम २०(२) आहे. रचना दोन पायऱ्यांची आहे. आधी 'सार्वजनिक आणीबाणी' किंवा 'सार्वजनिक सुरक्षितता' यांपैकी एक परिस्थिती हवी. ती असेल तरच पुढचं पाहायचं: देशाचं सार्वभौमत्व, राज्याची सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्री, सुव्यवस्था, किंवा गुन्ह्याला चिथावणी रोखणं. बहुतेक आदेशांत पहिली पायरी नुसती टंकून टाकलेली असते. ती का लागू होते, हे लिहिलेलं नसतं.

१८ डिसेंबर १९९६ ला पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला तोवर या अधिकाराला कार्यपद्धतीच नव्हती. न्यायालयानं ती घालून दिली, पण न्यायाधीशाची पूर्वपरवानगी हवी ही मागणी मान्य केली नाही. २००७ मध्ये ती चौकट नियम ४१९-अ म्हणून आली आणि डिसेंबर २०२४ मध्ये नव्या नियमांत गेली. गाभा तोच राहिला.

नस्तीचा प्रवास असा. यंत्रणा प्रस्ताव पाठवते. केंद्रात केंद्रीय गृहसचिव, राज्यात राज्याचे गृहसचिव सही करतात. अपरिहार्य परिस्थितीत त्यांनी अधिकार दिलेला सहसचिव दर्जाचा अधिकारी. आदेशात कारणं लेखी हवीत, आणि ही माहिती दुसऱ्या मार्गानं मिळू शकत नाही का याचा विचार झालेला हवा. मुदत ६० दिवस, वाढवत नेली तरी एकूण १८० दिवसांपलीकडे नाही. आदेशाची प्रत ७ कामकाजी दिवसांत आढावा समितीकडे जाते. दुर्गम भाग किंवा कारवाईची निकड असेल तर यंत्रणेचा प्रमुख किंवा दुसऱ्या क्रमांकाचा अधिकारी, राज्यात किमान पोलीस महानिरीक्षक (आयजी) दर्जाचा, स्वतः सुरू करू शकतो. त्यानं ३ कामकाजी दिवसांत कळवायचं आणि ७ कामकाजी दिवसांत मंजुरी घ्यायची. मंजुरी आली नाही तर ऐकणं थांबवायचं. २०२४ च्या नियमांत एक चांगली भर पडली: अशा मंजुरी न मिळालेल्या नोंदी पुरावा म्हणूनही वापरता येत नाहीत.

आता आढावा समिती. केंद्रात मंत्रिमंडळ सचिव, विधी सचिव आणि दूरसंचार सचिव. राज्यात मुख्य सचिव, विधी सचिव आणि गृहसचिव सोडून आणखी एक सचिव. दोन महिन्यांतून किमान एकदा बैठक. न्यायाधीश नाही, विरोधी पक्षाचा सदस्य नाही, सरकारबाहेरचं कोणीच नाही. ज्या सरकारचा गृहसचिव सही करतो त्याच सरकारचा मुख्य सचिव ती तपासतो.

आकडा पाहिला की अडचण कळते. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीनं २०१८ च्या अहवालात माहिती अधिकारातून आलेल्या आकड्यांवरून लिहिलं की केंद्राच्या आढावा समितीपुढे प्रत्येक बैठकीत १५,००० ते १८,००० आदेश तपासण्याचं अशक्य काम असतं. समिती सलग आठ तास बसली तरी एका आदेशाला दोन सेकंदही मिळत नाहीत. याला आढावा म्हणणं मला मान्य नाही.

राजकीय वापर बहुतेक वेळा खोट्या तपशिलातून शिरतो. महाराष्ट्रातलंच प्रकरण घ्या. राजकीय नेत्यांचे क्रमांक वेगळ्याच नावांनी आणि अंमली पदार्थांच्या व्यवहाराचं कारण देऊन मंजुरीसाठी पाठवले गेले, असा आरोप होता. २०२२ मध्ये पुणे आणि मुंबईत गुन्हे नोंदले गेले. सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ते रद्द केले. त्यामुळे कोणाचा दोष सिद्ध झालेला नाही आणि मी तसं म्हणत नाही. पण त्या आरोपानं दाखवलेली फट खरी आहे: गृहसचिवासमोर येतो तो एक दहा आकडी क्रमांक, एक नाव आणि दोन ओळींचं कारण. तो क्रमांक त्याच नावावर आहे का, हे पडताळण्याची सक्ती नियमात नाही. मंजुरीच्या नस्तीत ग्राहक अर्जाची प्रत, म्हणजे कंपनीकडचा सीएएफ, जोडणं बंधनकारक केलं तर ही फट एका कागदानं बरीच बुजते. सिम दुसऱ्याच्या नावावर असण्याची शक्यता उरतेच, पण मग 'वापरणारा कोण आणि हे कशावरून' हे यंत्रणेला लिहून द्यावं लागेल.

दुसरी फट कंपनीच्या टोकाला. ४१९-अ मध्ये कंपनीच्या नोडल अधिकाऱ्यानं दर १५ दिवसांनी आलेल्या आदेशांची यादी यंत्रणेकडे पाठवून 'हे तुमचेच ना' अशी खात्री करायची तरतूद होती. ती का लागली, हे अमरसिंग यांच्या प्रकरणात दिसतं. तिथे बनावट आदेशावर फोन ऐकला गेला. २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की पत्रात इतक्या ढोबळ चुका होत्या की कंपनीला शंका यायला हवी होती. आता केंद्रीय संनियंत्रण प्रणालीमुळे यंत्रणा कंपनीच्या माणसाला मध्ये न घेता थेट जोडणी करू शकते. गुप्तता वाढली, पण एक बाहेरचा साक्षीदार गेला.

---

पैलतीर

टिपणकार, कलमवीस, दोघांचे आभार. सीएएफचा मुद्दा कुठेच वाचला नव्हता.

दोन शंका. न्यायाधीशाची परवानगी सक्तीची केली तर हे सुटेल का? आणि 'राजकीयीकरण' म्हणजे फक्त विरोधकांवर पाळत एवढंच का?

---

मंदाकिनी_र

दुसरी शंका आधी घेते, कारण तिच्याकडे आपल्याकडे फार कमी लक्ष जातं आणि माझ्या मते तिचं नुकसान मोठं आहे.

गुप्तचर संस्था दोन तऱ्हेनं बिघडते. एक, ती चुकीच्या माणसावर वापरली जाते. दोन, ती वरच्यांना रुचेल तेवढंच सांगू लागते. दुसऱ्या बिघाडाचं सर्वांत नीट तपासलेलं उदाहरण इराकचं आहे. सप्टेंबर २००२ मध्ये ब्रिटिश सरकारनं जाहीर केलेल्या दस्तऐवजात इराक ४५ मिनिटांत संहारक अस्त्रं सज्ज करू शकतो असा दावा होता. २००४ च्या बटलर समितीनं दाखवलं की संयुक्त गुप्तवार्ता समितीच्या मूळ मूल्यांकनांत पुरावा तोकडा असल्याचे जे इशारे होते, ते जाहीर दस्तऐवजात गळाले. यासाठी कुणाला खोटं लिहावं लागलं नाही. 'शक्यता आहे', 'एकाच स्रोताकडून', 'दुजोरा नाही' असे शब्द पुसले की पुरे. म्हणून मूल्यांकन लिहिणारा आणि ते लोकांसमोर मांडणारा यांच्यात अंतर लागतं.

आपल्याकडे कारगिल आढावा समितीनं वेगळा पण जवळचा दोष नोंदवला. के. सुब्रह्मण्यम अध्यक्ष होते, अहवाल डिसेंबर १९९९ चा. जून १९९८ मध्ये आयबीनं कारगिलसमोरच्या हालचालींबद्दल टिपण पाठवलं. ते पंतप्रधान, गृहमंत्री, मंत्रिमंडळ सचिव, गृहसचिव आणि लष्करी कारवाई महासंचालक यांना गेलं. रॉचे सचिव, आपल्याकडच्या संयुक्त गुप्तवार्ता समितीचे अध्यक्ष आणि लष्करी गुप्तवार्ता महासंचालक यांना गेलं नाही. म्हणजे ज्यांनी ते इतर माहितीशी ताडून पाहायचं, तेच तिघे यादीत नव्हते. संस्थेचं लक्ष सत्तेच्या शिखराकडे लागलं की असं होतं. टिपण कोणाच्या मेजावर पोचलं याला महत्त्व येतं, ते पडताळलं गेलं का याला राहत नाही.

२६/११ नंतर महाराष्ट्र सरकारनं राम प्रधान आणि रॉचे माजी अधिकारी व्ही. बालचंद्रन यांची समिती नेमली. समुद्रमार्गे हल्ल्याच्या, एकाच वेळी अनेक ठिकाणी हल्ल्याच्या सूचना आधी आल्या होत्या हे तिनं नोंदवलं आणि मुंबई पोलिसांनी त्यावर काय केलं ते तपासलं. पण केंद्रीय संस्था तिच्या कक्षेबाहेर होत्या. सूचना पाठवणाऱ्यानं ती किती नेमकी पाठवली, पाठपुरावा केला का, हे राज्याची समिती विचारूच शकत नव्हती. केंद्रानं दिलेला इशारा आणि राज्यानं केलेली कृती एकत्र ठेवून तपासणारी जागा आपल्याकडे नाही. मुंबईत १६६ माणसं गेली. ही जागा नसणं मला अक्षम्य वाटतं.

आता न्यायाधीशाबद्दल. हवाच, पण तेवढ्यानं भागत नाही. अमेरिकेत १९७५-७६ च्या चर्च समितीनं एफबीआय आणि सीआयएनं स्वतःच्याच नागरिकांवर काय काय केलं ते उघड केलं आणि १९७८ मध्ये फिसा हा पाळतीवरचा कायदा होऊन तिला परवानगी देणारं विशेष न्यायालय आलं. तरीही २०१६-१७ मध्ये ट्रम्प यांच्या प्रचारमोहिमेच्या एका माजी सल्लागारावर पाळतीसाठी एफबीआयनं दिलेल्या अर्जांत १७ ठळक चुका आणि गाळलेल्या गोष्टी होत्या. न्याय खात्याच्या महानिरीक्षकानं डिसेंबर २०१९ मध्ये ते अहवालात मांडलं. तपास सुरू करण्यामागे राजकीय पूर्वग्रह असल्याचा लेखी किंवा साक्षीचा पुरावा मिळाला नाही, हेही त्यानंच लिहिलं. न्यायाधीशासमोर एकच बाजू असते. अर्जात खोटं किंवा अर्धवट आलं तर तो सही करतो. फरक पडला तो नंतर: संस्थेच्या आतली प्रत्येक नस्ती उघडू शकणारा महानिरीक्षक होता आणि त्याचा अहवाल संसदेत गेला. कलमवीस यांनी सांगितलेल्या नाव-क्रमांकाच्या फटीला उत्तर हेच आहे. आधी न्यायाधीश, नंतर नमुन्यादाखल नस्त्या उघडून पाहणारा स्वतंत्र निरीक्षक.

ब्रिटनच्या २०१६ च्या कायद्यात मंत्री आणि न्यायिक आयुक्त अशा दोघांची मान्यता लागते. शिवाय लक्ष्य खासदार असेल तर पंतप्रधानांची संमती वेगळी घ्यावी लागते. आपल्या नियमांत आमदार-खासदार, वकील यांच्यासाठी अशी वेगळी पायरी नाही.

---

सह्यकडा

मंदाकिनीताईंशी सहमत आहे, पण कायद्याच्या आधी एक सोपी गोष्ट हाताशी आहे: नेमणूक आणि मुदतवाढ.

सीबीआयचा संचालक पंतप्रधान, विरोधी पक्षनेता आणि सरन्यायाधीश (किंवा त्यांनी नेमलेले न्यायाधीश) यांची समिती निवडते. आयबीचा संचालक आणि रॉचा सचिव यांना मंत्रिमंडळाची नियुक्ती समिती नेमते, तिथे सरकारबाहेरचं कोणी नसतं. दोघांना दोन वर्षांचा निश्चित कार्यकाळ असतो, हे चांगलं. पण नोव्हेंबर २०२१ मध्ये सरकारी सेवेतल्या निवृत्तीचा मूलभूत नियम ५६ बदलून पुढच्या मुदतवाढीची वाट रुंद केली. निवृत्तीचं वय उलटलेल्या प्रमुखाला दर वर्षी नव्यानं मुदतवाढ मिळत असेल, तर माणूस कितीही सचोटीचा असो, त्याच्या पुढच्या वर्षाचा निर्णय त्याच्याच अहवालांच्या वाचकाच्या हाती असतो. ईडीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२३ मध्ये एका संचालकाच्या वाढीव मुदती बेकायदा ठरवल्या, कायद्यातली दुरुस्ती मात्र कायम ठेवली. एकदाच, सलग, न वाढणारा कार्यकाळ हा नियम सरकार एका अधिसूचनेनं करू शकतं. त्याला संसदेची वाट पाहायला नको.

एका गोष्टीवर मतभेद. सगळा दोष 'कायदा नाही' यावर टाकला की ज्या ठिकाणी कायदा आहे तिथे तो पाळला जातो का, हे पाहायचं राहून जातं. महाराष्ट्राचा मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कायदा, १९९९ चा. त्यातली फोन ऐकण्याची कलमं १३ ते १६ सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये वैध ठरवली. त्याच कायद्याचं कलम २७ वाचा. दर कॅलेंडर वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत राज्य सरकारनं विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत वार्षिक अहवाल ठेवायचा: ऐकण्याच्या परवानगीसाठी किती अर्ज आले, किती मंजूर आणि किती नामंजूर झाले, तातडीनं किती ऐकले, त्यांतल्या कितींना नंतर मंजुरी मिळाली, त्यातून किती खटले आणि किती शिक्षा झाल्या, वर उपयुक्ततेवर एक निवेदन. सुरक्षेला बाधक भाग वगळण्याची मुभा आहे. ही तरतूद मुंबईत लिहिली गेली, टोळ्या भर रस्त्यात गोळ्या घालत होत्या त्या काळात. 'आकडे दिले तर गुन्हेगार सावध होतील' हा युक्तिवाद तेव्हा कोणाला अडला नाही. मग २०२३ च्या केंद्रीय कायद्याखालच्या आदेशांचे नुसते आकडे संसदेसमोर ठेवायला काय हरकत आहे?

---

पैलतीर

कलम २७ बद्दल काहीच माहीत नव्हतं. शेवटचा प्रश्न: सामान्य माणसाला, पत्रकाराला किंवा आमदाराला यात प्रत्यक्ष काय करता येतं?

---

कलमवीस

माहिती अधिकारापासून सुरुवात. आयबी, रॉ, एनटीआरओ दुसऱ्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कलम २४ नुसार वगळलेल्या. अपवाद भ्रष्टाचाराचा आणि मानवी हक्कभंगाचा. हक्कभंगाच्या माहितीला केंद्रीय माहिती आयोगाची मान्यता लागते, मुदत ४५ दिवस. 'माझा फोन ऐकला जातोय का' असा अर्ज करू नका. दिल्ली उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये अशी माहिती कलम ८ खाली देता येणार नाही असं म्हटलं आहे. अर्ज गृहमंत्रालयाकडे, राज्यात गृह विभागाकडे, आणि तोही फक्त संख्येचा करा: अमुक वर्षात किती आदेश निघाले, आढावा समितीच्या बैठका किती आणि कोणत्या तारखांना झाल्या, समितीनं किती आदेश रद्द केले. शेवटचा आकडा सर्वांत बोलका असतो. 'नोंदी नष्ट केल्या' असं उत्तर येऊ शकतं, केंद्रानं ते दिलेलंही आहे, कारण नियमानुसार दर सहा महिन्यांनी नोंदी नष्ट होतात. म्हणून सहा महिन्यांच्या आतल्या काळासाठी अर्ज करा आणि पुन्हा पुन्हा करत राहा.

आमदारासाठी सगळ्यात सोपं काम सह्यकडा यांनी दाखवलं आहे. तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यानं सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न: मोक्का कलम २७ खालचे अहवाल कोणत्या तारखांना सभागृहात ठेवले, ठेवले नसतील तर का? पत्रकाराला तेच विधिमंडळाच्या ग्रंथालयात पटलावर ठेवलेल्या कागदपत्रांत शोधता येतं.

ज्याच्याविरुद्ध फोनच्या नोंदी पुरावा म्हणून आल्या आहेत त्यानं वकिलामार्फत आदेशाची प्रत मागावी आणि या गोष्टी तपासाव्यात: सही करणारा अधिकारी सक्षम होता का, सार्वजनिक सुरक्षितता कशी धोक्यात होती हे लिहिलं आहे का, दुसरा मार्ग का नव्हता याचा उल्लेख आहे का, प्रत ७ दिवसांत आढावा समितीकडे गेली का, समितीचा निष्कर्ष नोंदलेला आहे का, ऐकलेल्या तारखा आदेशाच्या मुदतीत बसतात का. मुंबई उच्च न्यायालयानं २२ ऑक्टोबर २०१९ ला बँकेतल्या १० लाखांच्या कथित लाचेच्या प्रकरणातले गृहमंत्रालयाचे तीन आदेश पहिल्या पायरीवरच रद्द केले आणि ध्वनिमुद्रणं नष्ट करायला सांगितली. मद्रास उच्च न्यायालय जुलै २०२५ मध्ये त्याच वाटेनं गेलं. त्याच्या काही दिवस आधी दिल्ली उच्च न्यायालयानं मात्र मोठ्या भ्रष्टाचाराचं प्रकरण सार्वजनिक सुरक्षिततेत बसतं असं म्हटलं. तेव्हा मुंबईच्या निकालाचा आधार घेताना समोरून दिल्लीचा येणार हे धरून चाला. शिवाय १९७२ चा आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा निकाल अजून उभा आहे: पुरावा बेकायदा मार्गानं मिळाला म्हणून तो आपोआप बाद होत नाही. खासगीपणाच्या २०१७ च्या नऊ न्यायमूर्तींच्या निकालानंतर तो किती टिकतो, यावर जोर द्यावा.

फोनमध्ये घुसखोरीचा संशय असेल तर बाब वेगळी होते. दूरसंचार कायद्याखालचा आदेश संदेश ऐकण्याचा असतो. उपकरणात स्पायवेअर टाकण्याचा अधिकार त्यात स्पष्टपणे लिहिलेला नाही. पेगॅसस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या समितीनं २९ फोन तपासले, ५ मध्ये घातक सॉफ्टवेअर सापडलं, ते पेगॅससच होतं असं ठरलं नाही आणि सरकारनं सहकार्य केलं नाही असं ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयात सांगितलं गेलं. अशा वेळी फोन फॅक्टरी रीसेट करू नका, त्यानं खुणा पुसल्या जातात. आधी पूर्ण बॅकअप घ्या, फोन बाजूला ठेवा, संशयास्पद संदेशांचे तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट ठेवा आणि न्यायवैद्यक तपासणी करणाऱ्याकडे तो द्या. तपासणीला देताना हॅश किंमत, म्हणजे माहितीत नंतर फेरफार झाला नाही हे दाखवणारा सांकेतिक आकडा, लिहून घ्या, नाहीतर न्यायालयात पहिला आक्षेप तिथेच येतो.

आणि सीडीआर, म्हणजे कॉलच्या नोंदी, हा वेगळा विषय आहे हे लक्षात ठेवा. तुम्ही कोणाशी, कधी, किती वेळ, कोणत्या टॉवरवरून बोललात याच्या नोंदींसाठी गृहसचिवाची सही लागत नाही. २०१३ पासून पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची मागणी पुरते, आणि ती मागणी आढावा समितीपुढे जातच नाही. पत्रकाराचा स्रोत शोधायचा असेल तर संभाषण ऐकायची गरजही पडत नाही, हे नोंदपत्रकच पुरतं. आमदार प्रश्न विचारणार असतील तर आदेशांबरोबर सीडीआरच्या मागण्यांची जिल्हावार संख्याही मागावी.

---

टिपणकार

कलमवीस यांच्या यादीत एक भर. तारांकित प्रश्नाला 'गोपनीय' म्हणून उत्तर नाकारलं गेलं तर तोच प्रश्न गृह विभागाच्या अर्थसंकल्पी मागण्यांवरच्या चर्चेत आणता येतो. एसआयडीचा खर्च मागण्यांच्या वेगळ्या शीर्षाखाली दिसतो. कपातसूचना, म्हणजे मागणीची रक्कम कमी करण्याचा प्रस्ताव, देताना 'मोक्का कलम २७ चा अहवाल पटलावर न ठेवल्याबद्दल' असं नेमकं कारण लिहावं. गुप्तवार्तेच्या कामगिरीबद्दल उत्तर टाळता येतं, कायद्यानं सभागृहात ठेवायच्या कागदाबद्दल टाळणं खूप अवघड जातं.